गर्शविन, जॅझ ट्रायो आणि शंभर जणांचा ऑर्केस्ट्रा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा नेमका प्रकार काय आहे?

जॉर्ज गर्शविनची 'ऱ्हॅप्सडी इन ब्लू' आणि 'कॉन्चेर्टो इन एफ' ही पियानो आणि ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेली दोन कामं. एरवी मंचावर एक पियानोवादक येतो, कागदावरचे स्वर जसेच्या तसे वाजवतो, झुकून नमस्कार करतो आणि जातो. अमेरिकन पियानोवादक मार्कस रॉबर्ट्स मात्र एकटा येत नाही. त्याच्याबरोबर बास (व्हायोलिनच्या कुळातलं उभं, मोठं वाद्य) आणि ड्रम्स असतात, म्हणजे पूर्ण जॅझ ट्रायो. ऑर्केस्ट्रा आपले लिहिलेले भाग वाजवतो आणि पियानोच्या एकल जागा आल्या की हे तिघं त्या आपल्या पद्धतीने, ऐनवेळी रचून वाजवतात.

यातला सगळ्यात गाजलेला कार्यक्रम जून २००३ चा. बर्लिनच्या वाल्डब्यूने या खुल्या रंगमंचावर बर्लिन फिलहार्मोनिक, कंडक्टर सेइजी ओझावा, बासवर रोलंड गेरिन आणि ड्रम्सवर जेसन मार्सालिस. त्याचं चित्रीकरण उपलब्ध आहे. या पानावरचे बरेचसे प्रश्न ते पाहून आलेल्यांचेच आहेत.

गर्शविन 'क्लासिकल' कधीपासून झाला? तो तर गाणी लिहायचा ना?

लिहायचाच. १८९८ साली ब्रुकलिनमध्ये, रशियातून आलेल्या ज्यू कुटुंबात त्याचा जन्म झाला. शाळा सोडून न्यूयॉर्कच्या संगीत प्रकाशकांकडे तो पियानोवर गाणी वाजवून दाखवायची नोकरी करू लागला, पुढे ब्रॉडवेचा यशस्वी संगीतकार झाला. ऱ्हॅप्सडी लिहिली तेव्हा तो पंचविशीत होता. ती पहिल्यांदा वाजली १२ फेब्रुवारी १९२४ रोजी, न्यूयॉर्कच्या एओलियन हॉलमध्ये, पॉल व्हाइटमनच्या बँडबरोबर. आपण हे काम करतोय हे खुद्द गर्शविनला वर्तमानपत्रातून कळलं, तेही जेमतेम पाच-सहा आठवडे आधी.

पुढच्याच वर्षी कंडक्टर वॉल्टर डॅमरॉशच्या सांगण्यावरून त्याने 'कॉन्चेर्टो इन एफ' लिहिला. तो ३ डिसेंबर १९२५ ला कार्नेगी हॉलमध्ये वाजला. तीन भाग, रीतसर कॉन्चेर्टो (म्हणजे एकल वाद्य आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठीची रचना), आणि या वेळी ऑर्केस्ट्राची मांडणीही स्वतःची. जगभरचे सिंफनी ऑर्केस्ट्रा आज ही दोन्ही कामं ब्राम्स-चायकोव्हस्कीच्या शेजारी ठेवतात. त्याला क्लासिकल म्हणा नाहीतर म्हणू नका, वाजवणाऱ्यांनी निकाल कधीच दिलेला आहे. १९३७ मध्ये मेंदूतल्या गाठीने तो गेला, वय अवघं ३८.

मूळ रचना बदलायची म्हणजे अपमान नाही का? बेथोव्हनचं कुणी असं करेल का?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि बऱ्याचदा जरा रागानेच विचारलेला असतो.

आधी बेथोव्हनचं. पियानो कॉन्चेर्टोत 'कॅडेन्झा' नावाची एक जागा असते. ऑर्केस्ट्रा थांबतो आणि एकल वादक एकटाच वाजवतो. मोझार्ट आणि तरुण बेथोव्हन ही जागा मंचावर ऐनवेळी रचून वाजवत. ती कागदावर कायमची उतरवून ठेवायची आणि सगळ्यांनी तीच वाजवायची, ही सवय नंतरची. म्हणजे मोकळीक आधी होती, ती पुढे गेली.

ऱ्हॅप्सडीच्या बाबतीत तर गोष्ट आणखी उघड आहे. १९२४ च्या पहिल्या प्रयोगाच्या वेळी पियानोचा भाग पूर्ण लिहून झालेलाच नव्हता. बँडच्या प्रतीत काही ठिकाणी पियानोचं पान कोरं होतं आणि व्हाइटमनसाठी सूचना होती की गर्शविनने मान हलवली की पुढे जायचं. त्या दुपारी त्याने तिथे जे वाजवलं ते हुबेहूब कसं होतं हे कुणालाच ठाऊक नाही. आज आपण 'मूळ' म्हणून छापील प्रत समोर धरतो, ती त्यानंतर स्थिर झाली.

आपल्याकडच्या कानाला हे समजायला फार कष्ट पडू नयेत. बंदिश ठरलेली, सम ठरलेली. मधली बढत गाणाऱ्याची. कुणी बंदिश जशीच्या तशी दोनदा म्हणून उठून गेला तर आपण त्याला गाणं म्हणणार नाही. फरक इतकाच की इथे समेवर शंभर माणसं वाट बघत बसलेली असतात आणि त्यांना कागदाबाहेर एक स्वरही वाजवायचा नसतो.

ऐकताना कसं कळेल की आता लिहिलेलं संपलं आणि यांचं सुरू झालं?

कान थोडा सरावला की लगेच कळतं. ऱ्हॅप्सडीची सुरुवात घ्या. क्लॅरिनेट खाली एक थरथरता स्वर धरतो, मग वर चढत जातो आणि शेवटी अक्षरशः घसरत, रडल्यासारखा टोकाला पोचतो. गर्शविनने तिथे सतरा स्वरांची सरळ चढण लिहिली होती. व्हाइटमनच्या बँडमधल्या रॉस गोर्मनने तालमीत थट्टा म्हणून ती घसरत वाजवली आणि गर्शविनने तीच ठेवायला सांगितली. पहिल्या दहा सेकंदांतच वादकाची करामत रचनेचा भाग झालेली!

क्लॅरिनेटनंतर ब्रास (ट्रंपेट-ट्रॉम्बोनसारखी पितळी वाद्यं) हळू आवाजात एक चाल मांडतात आणि पियानो पहिल्यांदा बोलतो. ऑर्केस्ट्रा गप्प झाला की इथपासून लक्ष ठेवा. छापील प्रतीत या जागा झरझर धावणाऱ्या, थोड्या लिस्टच्या (एकोणिसाव्या शतकातला पियानोचा जादूगार) वळणाच्या असतात. रॉबर्ट्सकडे त्याच जागी आधी डावा हात जड होतो, खालचा बास स्वर आणि वरचा कॉर्ड (एकत्र दाबलेले स्वर) असा झोका घेऊ लागतो. हा हार्लेमच्या, म्हणजे न्यूयॉर्कमधल्या काळ्यांच्या वस्तीतल्या, पियानोवादकांचा 'स्ट्राइड' ढंग. मग बास हळूच खालून येतो, ड्रमर ब्रशने सुरू करतो आणि तुम्हाला जाणवतं की मंचावर आता एक जॅझ क्लब उघडलाय आणि उरलेले सगळे हातात वाद्यं धरून ऐकत बसलेत. ब्लूज येतो, न्यू ऑर्लीन्सच्या मिरवणुकीचा ठेका येतो, मध्येच जॅझ पियानोवादक थेलोनियस मंकसारखे मुद्दाम तिरके पडलेले स्वर येतात.

परत यायची खूण म्हणजे गर्शविनच्या मूळ चालीचा एखादा तुकडा. तो ऐकू आला की समजा, ऑर्केस्ट्रा उचलणार.

एक सूचना: नेहमीची ऱ्हॅप्सडी सोळा-सतरा मिनिटांत संपते. ट्रायोची बरीच लांबते. घड्याळ बघू नका.

ऑर्केस्ट्रा पण ऐनवेळी रचून वाजवतो का?

नाही.

मग त्यांच्यासाठी यात अवघड असं काय आहे?

लय. बाकी सगळं जमवता येतं, खरी कसोटी लयीची.

जॅझमध्ये एका मात्रेचे दोन भाग कागदावर सारखे दिसले तरी सारखे वाजत नाहीत. पहिला लांब, दुसरा आखूड, साधारण दोनास एक. तेही पक्कं नाही. लय वाढली की फरक कमी होत जातो, वादक बदलला की बदलतो. याला स्विंग म्हणतात आणि तो कागदावर लिहिता येत नाही. पहिल्या व्हायोलिनच्या सोळा वादकांनी तो एकसारखा वाजवायचा म्हटलं तर ते मोजून वाजवतात, आणि मोजलेला स्विंग कानाला लंगडा लागतो.

त्यात भर अंतराची. ड्रम्सपासून मागच्या ब्रास वादकांपर्यंत पंधरा मीटर अंतर सहज असतं. आवाजाला तेवढं जायला सुमारे ४४ मिलिसेकंद लागतात. मिनिटाला २०० मात्रांच्या लयीत एक मात्रा ३०० मिलिसेकंदांची आणि स्विंगमधला आखूड तुकडा साधारण १०० चा. म्हणजे कानावर भरवसा ठेवून ड्रमरच्या मागे जाणारा ट्रॉम्बोनवाला जवळजवळ अर्ध्या तुकड्याने मागे पडतो. म्हणून त्याने ऐकायचं कमी आणि कंडक्टरचा हात बघायचा जास्त. आणि कंडक्टरने? त्याने ड्रमरला ऐकायचं, पण हात किंचित पुढे ठेवायचा.

आणखी एक सवय आडवी येते. युरोपातले मोठे ऑर्केस्ट्रा, त्यांत बर्लिन फिलहार्मोनिक पहिलं, कंडक्टरचा हात खाली आल्यावर क्षणभर थांबून वाजवतात. ब्रुकनरच्या भारदस्त सिंफनींना त्याने जो भरदार आवाज येतो त्याला तोड नाही. जॅझच्या ड्रमरला तोच क्षण युगासारखा वाटतो.

शहाणी माणसं यावर एकच तोडगा काढतात: दोघांनाही एकसारखं वाजवायला लावायचं नाही. ऑर्केस्ट्राने आपले भाग गर्शविनने लिहिले तसे सरळ, ठसठशीत वाजवावेत आणि स्विंग ट्रायोने सांभाळावा. दोन लयींमधला सांधा दिसला तर दिसू द्यावा. माझ्या मते तो सांधा दिसतो तिथेच या प्रयोगाची गंमत आहे. जिथे सांधा लपवायला सगळे मिळून 'जॅझी' वाजवू लागतात तिथे ऑर्केस्ट्राही धड राहत नाही आणि जॅझही.

मार्कस रॉबर्ट्सला दिसत नाही. मग तो कंडक्टरच्या खुणा कशा पाळतो?

रॉबर्ट्सचा जन्म १९६३ चा, फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलचा. पाचव्या वर्षी दृष्टी गेली. पुढे सेंट ऑगस्टीनच्या मूकबधिर आणि अंध मुलांच्या शाळेत शिकला. रे चार्ल्सही याच शाळेचा. नंतर फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटी, मग १९८५ पासून जॅझ ट्रंपेटवादक विंटन मार्सालिसच्या बँडमध्ये. १९८७ मध्ये थेलोनियस मंकच्या नावाची जॅझ स्पर्धा पहिल्यांदा भरली, ती त्याने जिंकली.

आता खुणांचं. प्रश्न उलटा करून बघा. कॅडेन्झा चालू असताना एकल वादकाने कंडक्टरकडे बघायचं नसतंच, कंडक्टरने वादकाला ऐकायचं असतं. परतीचा तुकडा ठरलेला असतो, तो आला की हात वर. जिथे दोघांनी एकत्र सुरुवात करायची तिथे बासवादक आणि ड्रमर कंडक्टरला बघू शकतात आणि पियानोवादक त्या दोघांना ऐकतो. एकट्या अंध वादकाला जे कठीण गेलं असतं ते ट्रायोमुळे सोपं होतं. श्वासाचा आवाजही कामी येतो. तालवाद्यांशेजारी बसून वाजवणाऱ्या कुणालाही विचारा.

ओझावाचा यात मोठा वाटा होता. त्याने रॉबर्ट्सला जपानमध्ये सायटो किनेन ऑर्केस्ट्राबरोबरही वाजवायला बोलावलं. हा माणूस सगळी स्वरलिपी पाठ करून उभा राहायचा, त्यामुळे त्याची नजर कागदात अडकलेली नसे. २०२४ च्या फेब्रुवारीत तो गेला.

ग्रोफे कोण? प्रत्येक पोस्टरवर त्याचं नाव बारीक अक्षरात का असतं?

फर्डे ग्रोफे व्हाइटमनच्या बँडचा संयोजक. गर्शविनने ऱ्हॅप्सडी दोन पियानोंसाठी लिहून दिली आणि वेळ नसल्याने ती बँडसाठी ग्रोफेने मांडली. त्याने ती तीनदा मांडली: १९२४ मध्ये व्हाइटमनच्या बँडसाठी, १९२६ मध्ये थिएटरच्या मध्यम ऑर्केस्ट्रासाठी आणि गर्शविन गेल्यावर १९४२ मध्ये पूर्ण सिंफनी ऑर्केस्ट्रासाठी. आपल्या कानात जी मखमली ऱ्हॅप्सडी बसलेली असते ती ही तिसरी. पहिली कोरडी, खडबडीत आणि बरीच खट्याळ आहे. मिळाली तर जरूर ऐका.

एका गोऱ्या बँडमास्टरने जॅझला 'सभ्य' बनवण्यासाठी केलेला प्रयोग आपण का डोक्यावर घ्यायचा?

प्रश्न रास्त आहे. व्हाइटमनला 'जॅझचा राजा' म्हणत आणि जॅझ ज्यांनी घडवलं ते काळे संगीतकार त्या काळी एओलियन हॉलच्या मंचापासून दूरच होते. गर्शविनने स्ट्राइड ऐकला तो हार्लेमच्या पियानोवादकांकडून, त्यातला बिनीचा माणूस जेम्स पी. जॉन्सन. या जॉन्सननेही 'यामेक्रॉ' नावाची ऱ्हॅप्सडी लिहिली. यामेक्रॉ ही जॉर्जियातल्या सव्हाना शहराची काळ्यांची वस्ती. १९२८ मध्ये ती कार्नेगी हॉलमध्ये वाजली, पियानोवर जॉन्सनचा शिष्य फॅट्स वॉलर. नंतर ती जवळपास विस्मरणात गेली.

रॉबर्ट्सचा १९९६ चा 'पोर्ट्रेट्स इन ब्लू' हा अल्बम याच कारणासाठी महत्त्वाचा वाटतो. त्यात ऱ्हॅप्सडी आहे, गर्शविनची 'आय गॉट रिदम'वरची व्हेरिएशन्स आहेत आणि यामेक्रॉही आहे. सेंट ल्यूक्सच्या ऑर्केस्ट्राबरोबर लिंकन सेंटर जॅझ ऑर्केस्ट्राचे वादक बसवलेत. जॉन्सन गर्शविनच्या शेजारी, एकाच तबकडीवर. हे ऐकल्यावर ऱ्हॅप्सडीच्या कॅडेन्झात रॉबर्ट्स स्ट्राइड का वाजवतो ते वेगळं सांगावं लागत नाही. ज्यांच्याकडून उसनं घेतलं होतं त्यांचं तो परत करतोय, तेही गर्शविनने रिकाम्या सोडलेल्या पानांवर.

कॉन्चेर्टो इन एफमध्ये पण हेच करतात का?

हो, पण तिथे जागा कमी आणि जोखीम जास्त. तो पूर्ण लिहिलेला आहे, बांधणी घट्ट आहे. सुरुवात टिंपनीच्या (ऑर्केस्ट्रातले मोठे नगारे) ठोक्यांनी, मग चार्ल्सटन या नाचाचा ताल. माझं ऐका आणि थेट मधल्या, संथ भागाला जा. ट्रंपेटवाला कर्ण्यावर फेल्टची टोपी ठेवून दबक्या आवाजात एक लांबलचक ब्लूज वाजवतो. क्लासिकल वादकाने वाजवलेला इतका खरा ब्लूज क्वचित ऐकायला मिळतो. त्याच्यानंतर ट्रायोला जपून पाऊल टाकावं लागतं.

माइक, ट्यूनिंग वगैरे?

बासला माइक किंवा ॲम्प्लिफायर हवाच, नाहीतर ऑर्केस्ट्राच्या आठ बासांपुढे एकटा हरवून जातो. ड्रम्सचा प्रश्न उलटा: ते आवरावे लागतात. ब्रश, छोटी सिंबल, कधी पारदर्शक पडदा. ट्यूनिंगमध्ये अमेरिकेत मधला 'ए' हा स्वर सेकंदाला ४४० कंपनांच्या आसपास, जर्मन ऑर्केस्ट्रा त्याहून किंचित वर. पियानो अर्थातच यजमानांच्या सुरात लावतात.

टाळ्या कधी वाजवायच्या?

जॅझवाले प्रत्येक एकल वादनानंतर वाजवतात, सिंफनीवाले सगळं संपेपर्यंत हाताची घडी घालून बसतात. इथे दोन्ही पंथांचे लोक शेजारी बसलेले असतात. ट्रायोने एखादी जागा कमालीची घेतली आणि तुमचा हात उठला तर उठू द्या. वाल्डब्यूनेत हा प्रश्नच येत नाही. वीस हजारांवर माणसं, टोपल्यांतून आणलेलं खाणं-पिणं, आणि शेवटी 'बर्लिनर लुफ्ट' ही बर्लिनची लाडकी धून सुरू झाली की सगळे शिट्ट्या घालणार, हा तिथला दरवर्षीचा रिवाज.

म्हणजे हे फ्युजनच झालं ना?

नाही. फ्युजनमध्ये दोन्ही बाजू आपलं काहीतरी सोडतात. इथे कुणीच काही सोडत नाही.

असं आणखी कुणी केलंय?

पुष्कळांनी. बिल इव्हान्सच्या ट्रायोने १९६५ मध्ये क्लॉस ओगरमनच्या ऑर्केस्ट्राबरोबर बाख, शोपाँ, फोरे, ग्रानादोस, स्क्रियाबिन वाजवले. अल्बम देखणा आहे, पण तारवाद्यांची साय जरा जास्त झालीये आणि ट्रायो तिच्याखाली गुदमरतो. माइल्स डेव्हिस आणि गिल इव्हान्सने १९५९-६० मध्ये रोड्रिगोच्या गिटार कॉन्चेर्टोचा संथ भाग घेऊन 'स्केचेस ऑफ स्पेन' केला. त्यात मुळी सिंफनी ऑर्केस्ट्रा नाही, फुंकून वाजवायच्या वाद्यांचा ताफा आहे, आणि कदाचित म्हणूनच तो इतका टिकला. चिक कोरिया आणि बॉबी मॅकफेरिनने सेंट पॉल चेंबर ऑर्केस्ट्राबरोबर मोझार्ट वाजवला. हर्बी हँकॉकने १९९८ च्या 'गर्शविन्स वर्ल्ड'मध्ये ऑर्फियस चेंबर ऑर्केस्ट्राबरोबर राव्हेलच्या जी मेजर कॉन्चेर्टोचा दुसरा भाग घेतलाय. यांतलं एकच ऐकायचं असेल तर हे ऐका. जॅक लूसिएचा 'प्ले बाख' ट्रायो १९५९ पासूनचा, पण तो मुख्यतः ऑर्केस्ट्राशिवाय.

आपल्याकडे याचा काही धागा आहे का?

थेट नाही, पण आजूबाजूने आहे. १९७९ च्या वुडी ॲलनच्या 'मॅनहॅटन' चित्रपटात जी ऱ्हॅप्सडी वाजते ती न्यूयॉर्क फिलहार्मोनिकची, आणि कंडक्टर आपले मुंबईचे झुबिन मेहता. पियानोवर गॅरी ग्राफमन.

आणि गोवा विसरून चालणार नाही. चर्चच्या शाळेत सॉल्फा (पाश्चात्त्य सारेगम) शिकून आलेले गोव्याचे वादक मुंबईत संध्याकाळी हॉटेलांत जॅझ वाजवत, दिवसा स्टुडिओत हिंदी सिनेमाची गाणी. स्वरलिपी वाचता येणं आणि ऐनवेळी रचता येणं ही दोन्ही कामं एकाच माणसाकडे असायची. त्यांच्यातले मजोर्ड्याचे व्हायोलिनवादक आणि संयोजक अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये मुंबईत इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला आणि रागांवर आधारलेल्या आपल्या रचना सादर केल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. दिशा वेगळी होती, पण स्विंग न येणारी व्हायोलिनं आणि मींड न येणारी व्हायोलिनं यांची डोकेदुखी एकाच जातीची.

जॅझ अजिबात कळत नाही. सुरुवात कुठून करू?

आधी कुठलीही नेहमीची ऱ्हॅप्सडी दोन-तीनदा ऐका, चाली गुणगुणता येईपर्यंत. संथ, विस्तीर्ण अशी जी एक प्रेमाची चाल येते ती ओळखू यायला हवी. मग बर्लिनचं चित्रीकरण बघा. उलट क्रमाने करू नका. मूळ वाट माहीत नसेल तर आडवाट कशी कळणार? ट्रायो वाजवत असताना कॅमेरा अधूनमधून ऑर्केस्ट्राच्या वादकांवर जातो, तेव्हा त्यांचे चेहरे जरूर बघा.

माझी मुलगी पियानो शिकते. रॉबर्ट्सच्या कॅडेन्झाची स्वरलिपी मिळेल का?

त्याने ती त्या त्या संध्याकाळी रचली. पुढच्या मैफलीत वेगळी. रेकॉर्डिंग ऐकून एखादा तुकडा उतरवून घेणं हा उत्तम अभ्यास आहे, जॅझ शिकणारे सगळे तेच करतात. डाव्या हाताच्या स्ट्राइडपासून सुरू करा, अगदी संथ लयीत, उजवा हात मांडीवर. गर्शविनची छापील प्रत बाजारात सहज मिळते. १९२४ ची रचना अमेरिकेत १ जानेवारी २०२० पासून सर्वांना खुली आहे आणि भारतात त्याच्याही आधीपासून. ग्रोफेच्या १९४२ च्या मांडणीचे हक्क मात्र वेगळे, तेव्हा शाळेच्या ऑर्केस्ट्राबरोबर वाजवायचा बेत असेल तर सुटे भाग प्रकाशकाकडून भाड्यानेच घ्या. आणि कॅडेन्झाच्या जागी तिला स्वतःचं काही सुचलं, तर शिक्षकांना आधी सांगून ठेवा. परतीचा तुकडा कोणता ते कंडक्टरला कळलं पाहिजे.